धावपट्टी ३७० मीटर वाढणार, आणि आमच्या स्लॅबवरच्या सळ्या

माळावरचा

बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाव कोल्हापूर विमानतळाच्या कुंपणाला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही, चार घरांचं गाव, लगेच कळेल कोण ते. विमानतळ आमच्या आजोबांच्या लहानपणापासून आहे. राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये सुरू केला तो. आजोबा सांगायचे, विमान यायचं म्हटलं की आधी गुरं हाकलायला लागायची. मधली कित्येक वर्षं एकही विमान नव्हतं, कुंपणाच्या आत नुसतं गवत. २०१८ ला पुन्हा सुरू झालं. धावपट्टी आधी १३७० मीटर होती, ती १९३० झाली, आता २३०० करायची आहे. त्यासाठी ६४ एकर.

आता आमचं. आमचा ऊस त्या ६४ एकरांत नाही. घरही नाही. चुलत्यांचं वावर गेलं, त्यांना पैसे मिळाले, दर वाईट नव्हता, हे आधीच कबूल करतो. ट्रॅक्टर आला, पोरीचं लग्न झालं, उरलेले बँकेत आहेत. त्यांची तक्रार नाही.

तक्रार आमची आहे आणि ती कुठं करायची तेच कळेना. आमच्या घराच्या स्लॅबवर कॉलमच्या सळ्या वर सोडल्यात. २०११ पासून. धाकट्या भावाचं लग्न झालं की वरचा मजला चढवायचा असं ठरलेलं. गंजू नयेत म्हणून वडिलांनी सळ्यांच्या टोकांना सिमेंट फासलंय. भावाचं लग्न ठरलंय, बांधकामाचा अर्ज घेऊन गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, "विमानतळाचा दाखला आणा." दाखला कुठं मिळतो विचारलं तर म्हणे ऑनलाइन. ऑनलाइन बघितलं तर अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, असलं काहीबाही मागतंय. गावात कुणालाच माहीत नाही. शिवाय शाळेला जायचा जुना रस्ता कुंपणात जातोय, नवा होईल म्हणतात, तो लांबून.

जमीन गेली नाही त्याचं काय जातं, हे कुणी मोजतं का? जाणकारांनी सांगावं.

ता. क. विमानाला विरोध नाही. मार्चमध्ये वडिलांना अचानक दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा मी मुंबईहून विमानानंच आलो. उतरताना खिडकीतून आमचा ऊस दिसला. आणि सळ्यापण दिसल्या.

टेलविंड

माळावरचा, चांगला धागा. या व्यवसायात बरीच वर्षं आहे, त्यामुळे तुम्हाला न आवडणारी बाजू आधी मांडतो.

१९३० मीटर एटीआरला, म्हणजे पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाला, पुष्कळ झाली. एअरबस ३२० पूर्ण भरून उडवायची तर कमी पडते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या थोडं वर आहे. हवा विरळ म्हणून दर ३०० मीटर उंचीला धावपट्टी साधारण ७ टक्के लांब धरतात. त्यावर तापमान आलं, त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जेवढे अंश जास्त तेवढे टक्के. एप्रिलची दुपार धरा आणि तुम्हीच गुणाकार करा. मुंबईला जेवढ्यात भागतं तेवढ्यात कोल्हापुरात भागत नाही.

दुसरं म्हणजे, धावपट्टी २३०० ची म्हणजे जमीन २३०० मीटरपुरतीच लागते असं नाही. टोकापुढे ६० मीटरची पट्टी आणि त्यापुढे सुरक्षा क्षेत्र. ते किमान ९० मीटर लागतं, शिफारस २४० ची. विमान पुढे गेलं तर थांबायला जागा हवी म्हणून. मंगळूरला २०१० मध्ये १५८ माणसं गेली, कोळिकोडला २०२० मध्ये २१. दोन्ही ठिकाणी विमान टोकावरून पुढे गेलं आणि पुढे दरी होती. त्यामुळे "एवढी रिकामी जमीन कशाला" असं कुणी म्हणालं की मला राग येतो.

आता तुमच्या सळ्या. उतरणाऱ्या विमानाची वाट मोकळी राहावी म्हणून टोकापासून हवेत एक तिरपी पातळी आखलेली असते, लोक त्याला फनेल म्हणतात. उपकरणांच्या मदतीने उतरायची सोय असलेल्या मोठ्या धावपट्टीला तिचा चढ २ टक्के. सुरुवात टोकापासून ६० मीटरवर. पुढे दर ५० मीटरला १ मीटर उंची मिळते. त्या पातळीच्या वर काही जायचं नाही. घर नाही, टाकी नाही, नारळ नाही, मोबाइलचा टॉवर तर नाहीच.

तेव्हा घर धावपट्टीच्या रेषेत आहे की बाजूला, आणि टोकापासून किती मीटर, एवढं सांगा. बाजूला असेल तर हिशेब वेगळा, तिथे पातळी १ ला ७ अशी झपाझप चढते.

वाचनमात्र

इथेच बसलोय, येऊ द्या.

भट्टीवाला

गोकुळ शिरगावात माझी छोटी फौंड्री आहे. स्पष्ट बोलतो. कोल्हापूरच्या कास्टिंगला देशात नाव आहे, पण मोठा ग्राहक ऑडिटला यायचा म्हटला की पहिला प्रश्न, यायचं कसं? सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येत नसेल तर तो पुण्याचा सप्लायर बघतो. रेल्वेचं काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्यात फ्लाइट रद्द झाली म्हणून हातचं काम गेलेलं मी पाहिलंय.

दरवेळी कुणीतरी रस्ता, कुणीतरी सळ्या, कुणीतरी ओढा घेऊन उभं राहतं आणि दहा वर्षं जातात. मग आपणच म्हणायचं, कोल्हापूर मागे पडलं.

माळावरचा

भट्टीवाले दादा, माझा भाऊ तुमच्याच एमआयडीसीत सीएनसीवर आहे. विमानतळ मोठा झाला तर त्याचं काम वाढेल, हे त्याला कळतं. पण त्याला वरचा मजलाही पाहिजे. दोन्ही मागणं म्हणजे विरोध होतो का?

टेलविंड, घर जवळजवळ रेषेतच आहे. आजच्या टोकापासून अंदाजे हजार मीटर. वाढ सगळी आमच्याच बाजूला धरली तर ६३०-६४० राहील.

टेलविंड

मग आकडे मांडू. आज १०१० मीटर धरा. वजा ६०, राहिले ९५०, त्याचे २ टक्के म्हणजे १९ मीटर. वाढ झाल्यावर ६४० वजा ६०, म्हणजे ५८० चे २ टक्के, ११.६ मीटर. फरक ७.४ मीटर. ३७० मीटर धावपट्टीने तुमच्या डोक्यावरची जवळजवळ साडेसात मीटर हवा घेतली. दोन मजले.

पण ही उंची धावपट्टीच्या टोकाच्या पातळीपासून मोजतात, तुमच्या जोत्यापासून नाही. घर टोकापेक्षा खाली असेल तर फायदा, वर असेल तर तेवढं वजा.

माळावरचा

आयडीच माळावरचा आहे हो. घर चढावर आहे. किती वर ते माहीत नाही, चारेक मीटर असेल.

टेलविंड

चार धरलं तर उरले ७.६. जोतं दोन फूट, दोन मजले सव्वातीन मीटरचे, झाले सात-सव्वासात. स्लॅब बसतो, त्यावरचा कठडा आणि पाण्याची टाकी बसत नाही. म्हणजे तुमचं सगळं त्या "चारेक"वर आलंय. साडेतीन निघाले तर कठड्याचंही जमेल, पाच निघाले तर वरचा मजलाच नाही. अंदाजावर अर्ज करू नका.

निवटी

मी उलव्याचा. आता "उलव्याचा" म्हणायचं की नाय तोच प्रश्न आहे, कारण गावच उठवलं. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचं ओवळं आणि आमचं. ११६० हेक्टर. डोंगर होता मागे, तो सुरुंग लावून सपाट केला आणि त्याचाच भराव खाडीत टाकला. नदी वळवली.

आमच्याकडे जमीन गेल्याचा हिशेब जुना आहे. १९७० ला सिडको आलं, ९५ गावं. मोबदला कवडीमोल. १९८४ च्या जानेवारीत जासईला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. तेव्हा कुठं दि. बा. पाटलांच्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांचा नियम आला, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. विमानतळाला तो साडेबावीस झाला. लोक म्हणतात तुमी आगरी-कोळी मालामाल. काही झाले, खोटं बोलत नाय.

पण माळावरच्या दादांचा प्रश्न आहे सातबाऱ्याबाहेरच्यांचा. माझ्या आईच्या नावावर एक गुंठा नव्हता. ती खाडीवर जायची. निवट्या, चिंबोऱ्या, कोलीम. पहाटे ओहोटीला जायची, दुपारी पनवेलच्या बाजारात. बिनभांडवलाचा धंदा, त्यावर आम्ही चार भावंडं शिकलो. खाडी कुणाच्या सातबाऱ्यावर असते? भराव पडला त्या दिवशी तिचा धंदा बंद झाला आणि कुठल्याच यादीत तिचं नाव आलं नाय. साडेबावीस टक्के कशाचे काढणार, चिखलाचे?

आणि शेजारच्यांचं ऐका. डुंगी गाव मूळ यादीत नव्हतं. भोवती भराव उंच झाला, गाव खोलगट राहिलं, पावसात पाणी घरात शिरायला लागलं. मग मागाहून त्यांना उठवायचं ठरलं. आधी शेजारी, मग प्रकल्पग्रस्त. तुमच्या गावचा उतार कुठल्या बाजूला आहे ते आत्ताच बघून ठेवा.

एल वॉर्ड

निवटींना +१. मी कुर्ल्याचा. पाण्याचंच लिहायला आलो होतो.

मिठी नदी विमानतळापाशी वळणं घेत घेत धावपट्टीच्या खालून जाते. नदीला कुठे जागा ठेवायची आणि कुठे आवळायची हे विमानतळ वाढत गेला तसं ठरत गेलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. एवढ्या पावसाला कुठलीच नदी पुरली नसती, मान्य. पण क्रांतीनगर, संदेशनगरच्या लोकांना विचारा, त्यांना ९४४ लागत नाहीत. भरतीच्या वेळी जरा जोराचा पाऊस झाला तरी पाणी दारात.

माळावरचा, तुमच्याकडे खाडी नाही, पण ओढा असेलच. धावपट्टी वाढली, तिच्या बाजूची जमीन दाबून सपाट केली, की आधी उसात मुरणारं पाणी एकदम एका तोंडाने बाहेर पडतं. ते तोंड कुणाच्या वावरात उघडतं? नकाशावर गटाराची रेघ कुठे संपते ते बघा. बरेचदा कुंपणापाशी संपते, जणू पाणीही तिथेच थांबणार आहे.

अवांतर: उंचीचं दुखणं आमच्याकडेही आहे. कुर्ला, घाटकोपर, पार्ले, सांताक्रूझ, फनेलमधल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघत नाहीत. बिल्डरला वरचे मजले मिळणार नसतील तर तो खालचे फुकट कशाला बांधेल? आमच्या मजल्यावरच्या आजी प्लास्टर पडतं म्हणून पलंगावर मच्छरदाणीऐवजी ताडपत्री बांधतात.

भट्टीवाला

पाण्याचा मुद्दा पटला. माझ्याही शेडमध्ये गेल्या पावसाळ्यात वरच्या माळाचं पाणी आलं होतं, मी पावसाला शिव्या घातल्या. पण मुंबई-नवी मुंबईचे दाखले देऊन कोल्हापूरला घाबरवू नका. ११६० हेक्टर कुठे आणि ६४ एकर कुठे.

निवटी

भट्टीवाले, घाबरवत नाय हो. आकडा लहान असला की लढायला माणसंही कमी असतात, एवढंच. आमची दहा गावं होती म्हणून कुणीतरी ऐकलं. विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून २०२१ ला आम्ही मानवी साखळी केली, लोक रस्त्यावर मावत नव्हते. सळ्यांसाठी कोण साखळी करणार? :)

अंजीर-सीताफळ

पुरंदर. इथल्या नव्या विमानतळासाठी सात गावं. वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोन मोजणीला विरोध झाला तेव्हा लाठीमार झाला, बातम्यांत आलंच. आमच्याकडे एमआयडीसीच्या कायद्याखाली घेतायत. बाग नुसती जमीन नसते, अंजिराचं झाड धरायला वर्षं जातात, एवढंच म्हणून थांबतो. या धाग्यावर भांडण नको.

हौन्स्लोची काकू

मी लंडनला हीथ्रोच्या शेजारी राहते, २२ वर्षं झाली. माहेर इचलकरंजी, म्हणून धागा उघडला.

इकडची गंमत सांगते. दोन समांतर धावपट्ट्या आहेत. पश्चिमेकडून वारा असला की एका धावपट्टीवर उतरायचं, दुसरीवरून उडायचं, आणि दुपारी तीनला अदलाबदल. म्हणजे प्रत्येक वस्तीला अर्धा दिवस तरी शांतता. आमच्याकडे पाहुणे जेवायला बोलवायचे तर लोक आधी वेळापत्रक बघतात की या आठवड्यात दुपार आपली का सकाळ. हे विमानतळाने उदार होऊन दिलेलं नाही, लोक वर्षानुवर्षं भांडले. एका बालशाळेच्या अंगणात पोरांसाठी मातीचे घुमट बांधलेत, विमान डोक्यावरून गेलं तरी आत बाईंचं ऐकू यावं म्हणून. मुलगी लहान असताना मी बघून आले होते, आपल्याकडच्या कणग्यांसारखे दिसतात.

पण खरी गोष्ट तिसऱ्या धावपट्टीची. २००३ मध्ये सरकारने म्हटलं करू. २०१० मध्ये नव्या सरकारने म्हटलं नको. मग पुन्हा करू. २०१८ ला संसदेत ४१५ विरुद्ध ११९ ने मंजूर. फेब्रुवारी २०२० मध्ये अपील कोर्टाने हवामानाच्या मुद्द्यावर अडवलं, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मोकळं केलं. मध्ये कोविड. २०२५ च्या जानेवारीत सरकार परत म्हणालं करू. तिकडे हार्मंड्सवर्थ, लाँगफर्ड, सिप्सन ही गावं इतकी वर्षं टांगलेली. हार्मंड्सवर्थला १४२६ चं लाकडी कोठार आहे, दगडी देवळासारखं भव्य, तेही अधूनमधून बातमीत येतं.

सिप्सनला माझी एक मैत्रीण राहायची. तिथली बरीच घरं विमानतळानेच विकत घेऊन ठेवली आणि भाड्याने दिली. भाडेकरू वर्ष-दोन वर्षांनी बदलतात. बाजारभावावर २५ टक्के जास्त देऊ म्हणतात, वाईट नाही. पण धावपट्टी आली नाही आणि गाव मात्र गेलं. शेजारी ओळखीचा उरला नाही. मैत्रिणीने स्वयंपाकघर पंधरा वर्षं दुरुस्त केलं नाही, पाडणार असतील तर कशाला म्हणून. शेवटी विकून गेली.

म्हणून भट्टीवाले भाऊ, "दहा वर्षं जातात" हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ती दहा वर्षं तुमच्या ऑर्डरची जातात तशी कुणाच्या स्वयंपाकघराचीही जातात. करायचं तर लवकर करा, नाही तर नाही म्हणून लिहून द्या.

भट्टीवाला

काकू, इचलकरंजीच्या म्हणजे घरच्याच. मान्य.

सातबारा कोरा

वकिली करतो, पण हा सल्ला नाही, नुसती माहिती. चू. भू. दे. घे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या जमीनमालकापुरती नाही. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागातल्या कामावर पोट असलेले शेतमजूर, कुळं, वाटेकरी, कारागीरही त्यात येतात. निवटींच्या आईंसारख्यांचं कायद्याने नाव घेतलंय. पण ते नाव कागदावर येतं सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून, आणि सरकारने वाटाघाटीने थेट खरेदी केली तर तो अभ्यास होतच नाही. विकणाऱ्याला दर जास्त मिळतो, काम लवकर होतं, दोघे खूश. तिसरा चित्रात नाही. माळावरचा, तुमच्या चुलत्यांचं थेट खरेदीत झालं की अधिसूचना निघून, हे आधी विचारा. प्राथमिक अधिसूचना निघाली असेल तर हरकतीला ६० दिवस असतात.

उंचीचं वेगळं. १९३४ च्या विमान कायद्यात ९-अ कलमाने विमानतळापासून २० किलोमीटरपर्यंत बांधकामावर बंधनं घालायचा अधिकार केंद्राला होता. आणि लागलीच पुढे ९-ब, त्या बंधनामुळे नुकसान झालं तर भरपाई. पहिलं कलम सगळ्या खिडक्यांना पाठ आहे, दुसरं कुणी वाचलेलं मला भेटलेलं नाही. २०२५ पासून त्या जागी नवा अधिनियम लागू आहे, तेव्हा अर्जात जुने कलम क्रमांक टाकू नका.

आणि एक, टेलविंडसाहेब तांत्रिकच बोलले म्हणून. मजला अडवला की दाखला नाकारल्याचं लेखी मागा. तोंडी "होणार नाही" ऐकून घरी येऊ नका. कागदच नसेल तर पुढे भरपाई मागणार कशाच्या जोरावर?

टेलविंड

याला दुजोरा. अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची लागते, ती मोबाइलवरची चालत नाही, दहा-पंधरा मीटरनी चुकू शकते. तुमचा निकाल अर्ध्या मीटरवर आहे. डिफरन्शियल जीपीएसवाला सर्व्हेअर बोलवा. मजल्याची एकूण उंची लिहिताना टाकी, कठडा, वीजवाहक सगळं धरा. टाकी जिन्याच्या माथ्यावर न ठेवता मागे पत्र्याखाली घेतली तर मीटरभर वाचतो.

जाता जाता आणखी एक. दिव्यांचं विचारा. धावपट्टीपुढे मार्गदर्शक दिव्यांची रांग असते, पूर्ण व्यवस्था ९०० मीटरपर्यंत जाते. ते खांब कुंपणाबाहेर कुणाच्या तरी उसात येतात. प्रत्येक खांबाला जागा थोडी, पण तिथपर्यंत जायची वाट कायमची.

माळावरचा

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं.

चुलत्यांना विचारलं, थेट खरेदीच झाली. तेव्हा अभ्यासाचा विषय संपला. ओढ्याचं मात्र कुणी मनातही आणलं नव्हतं. काल भाऊ आणि मी कुंपणाच्या कडेनं चालत गेलो. जुनी मोरी आहे एक, दोन फुटी पाइप, अर्धी गाळानं भरलेली. तिचं तोंड आमच्या नाही, पलीकडच्या मळ्याच्या विहिरीकडं आहे. त्या आज्जींना सांगितलं तर म्हणाल्या, "व्हय बाळा, पण विहीर काय त्यांच्या नकाशात हाय का?" खरंच नाही. आम्ही तिघांच्या सहीचा एक अर्ज लिहितोय, मोरी, रस्ता आणि दिव्यांचे खांब, तीनच मुद्दे. सळ्या त्यात घातल्या नाहीत, त्याचा वेगळा करतो.

भट्टीवाल्या दादांचा निरोप आला होता, मोरीसाठी पाइप लागला तर सांगा म्हणाले.

सर्व्हेअर मिळाला, रविवारी येतोय. वडील म्हणाले सळ्या तोवर कापायच्या नाहीत. आकडा आला की इथंच टाकतो.